माचा घातलेलं वनस्पतीजन्य दूध कसं चाखावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोया, ओट, बदाम, नारळ यांच्या दुधातली माचाची पेयं चाखून त्यांबद्दल लिहायला लागले, तेव्हापासून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काहींची उत्तरं इतक्यांदा दिली आहेत की आता एकदाच नीट लिहून ठेवते. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल: हे पेय आवडणार की नाही, याचा निकाल माचापेक्षा दूधच जास्त लावतं.

१. माचा म्हणजे ग्रीन टीच ना? मग एवढं वेगळं काय त्यात?

झाड तेच, चहाचं. पण साध्या ग्रीन टीत पानं पाण्यात भिजवतात आणि गाळून टाकतात. माचात पानाची भुकटी असते आणि ती अख्खी पोटात जाते.

पानही मुद्दाम वेगळं वाढवलेलं असतं. तोडणीच्या आधी साधारण तीन-चार आठवडे झाडांवर आच्छादन घालतात. ऊन तुटलं की पानातलं हरितद्रव्य वाढतं. शिवाय थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल पानात साठून राहतं. उन्हात ते खर्ची पडून त्यातून कॅटेचिनं, म्हणजे कडू-तुरट द्रव्यं तयार झाली असती. तोडलेली पानं वाफवतात, न वळता सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. अशा सुक्या पानाला तेंचा म्हणतात. तो जात्यावर दळला की माचा. दगडी जातं तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम भुकटी देतं, कारण जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि वास जातो. पाकिटांवर उजी, निशिओ, यामे अशी नावं दिसतात, ती जपानमधल्या माचासाठी नावाजलेल्या भागांची.

जपानी उच्चार 'माच्चा'च्या जवळ जातो. 'मॅचा' म्हणालात तरी मी दुरुस्त करायला येणार नाही.

२. पाकिटावर 'माचा फ्लेवर' लिहिलंय. आत खरा माचा असतो का?

कधी असतो, कधी नावापुरता. पाकिटाचा दर्शनी भाग सोडा, मागची घटकांची यादी वाचा. बहुतेक देशांत ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. माचा जर मीठ किंवा डिंकवर्गीय घटकांच्याही मागे असेल, तर तो चवीपेक्षा नावासाठी घातला आहे असं खुशाल समजा. 'ग्रीन टी पावडर' असं लिहिलं असेल तर तो माचा असेलच असं नाही. सावलीत न वाढवलेल्या पानांचीही भुकटी करतात; ती जास्त कडू आणि रंगाने पिवळट असते.

टक्केवारी दिली असेल तर गणित करून बघा. २५० मिलिलिटरच्या पाकिटात ०.५ टक्के माचा म्हणजे सव्वा ग्रॅम. जपानी पद्धतीच्या साध्या पातळ माचाला, ज्याला उसुचा म्हणतात, ६०-७० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम भुकटी लागते. म्हणजे पाकिटातलं पेय त्या मानाने सहापट फिकं. आणि टक्केवारी ०.१ असेल तर त्याच पाकिटात पाव ग्रॅम, चिमूटभरही नाही. तेवढ्यात माचाची चव शोधत बसणं व्यर्थ आहे. जे लागतं ते बहुधा सुगंधी अर्काचं असतं.

३. गाईम्हशीचं नाही, मग याला 'दूध' म्हणायचं का?

बोलताना म्हणा. कायद्यात मात्र देशोदेशी वेगळं आहे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की वनस्पतीजन्य पदार्थ 'दूध' या नावाने विकता येणार नाहीत. नारळाच्या दुधासारखे काही रूढ अपवाद तेवढे ठेवले. म्हणून तिकडच्या पाकिटांवर 'ओट ड्रिंक' असं काहीतरी दिसतं. मी इथे सगळीकडे दूधच लिहिलं आहे.

४. पहिल्यांदाच पिणार आहे. नेमकी कशी चव अपेक्षित धरू?

चॉकलेट किंवा व्हॅनिलाच्या दुधासारखी एकच एक चव धरून बसलात तर फसाल. या पेयाची चव टप्प्याटप्प्याने येते. नाकाशी नेलं की आधी हिरवा वास: नुकतंच कापलेलं गवत, वाफवलेला पालक, कधी समुद्री शेवाळ. घोट घेतला की पहिल्या क्षणी दूधच लागतं, त्याची गोडी आणि दाटपणा. मग जिभेच्या मध्यावर एक भरीव, किंचित खारट वाटणारी चव पसरते. तिला उमामी म्हणतात. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ती चव समुद्री शेवाळाच्या रश्शात ओळखून तिला हे नाव दिलं. सगळ्यात शेवटी, घोट गिळून झाल्यावर, कडवटपणा आणि तुरटपणा येतो.

हा शेवटचा टप्पा न येता नुसतीच गोडी उरली, तर माचा कमी आहे. आणि शेवट पहिल्याच क्षणी येऊन धडकला, तर माचा हलका आहे किंवा दूध फार पातळ.

५. चाखायची काही ठरावीक पद्धत आहे का? मी तर सरळ पिऊन टाकतो.

आनंदासाठी प्यायचं असेल तर सरळ पिणंच योग्य. पण दोन पेयांतला फरक सांगायचा असेल, किंवा एखादं का आवडलं नाही हे शोधायचं असेल, तर थोडी शिस्त लागते. मी काय करते ते सांगते.

आधी पाकीट हलवते, आणि चांगलं अर्धं मिनिट हलवते (का, ते प्रश्न ११ मध्ये). मग पांढऱ्या कपात ओतते, कारण रंगीत कपात रंगाचा अंदाज येत नाही. फ्रिजमधून काढल्याबरोबर चाखत नाही. दहा मिनिटं बाहेर ठेवते. फार थंड पेयात गोडी आणि वास दोन्ही दबतात.

वास दोनदा घेते. एकदा कप स्थिर असताना आणि एकदा गोल फिरवून. पहिल्या वेळी दूध पुढे असतं, फिरवल्यावर माचा.

पहिला घोट मोजत नाही. तो तोंड ओलं करायला. दुसरा घोट लहान घेते आणि चहा पिताना ओढतात तसा फुर्र आवाज करत थोडी हवाही ओढून घेते. चारचौघांत बरं दिसत नाही, पण हवा मिसळली की वास घशामागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. गोड, कडू, तुरट एवढंच कळेल. चिमटी सोडा, माचा एकदम उगवेल.

तिसरा घोट गिळल्यावर घड्याळ बघते. तुरटपणा किती वेळ रेंगाळतो? दहा सेकंदांत गेला तर मऊ, अर्ध्या मिनिटानंतरही दातांच्या आतल्या बाजूला जीभ घासल्यासारखी वाटत असेल तर कडक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जमेल तेव्हा त्याच जातीचं माचा नसलेलं साधं दूध शेजारी ठेवते आणि आधी ते चाखते. बहुतेक तक्रारींचं उत्तर तिथेच सापडतं. 'माचा पुठ्ठ्यासारखा लागतो' असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी नुसतं ओटचं दूध दिलं. तिने घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पुठ्ठा हा आहे."

६. कोणतं दूध माचाला सगळ्यात जास्त मानवतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि एका शब्दात उत्तर द्यायला मी कधीच तयार नसते. दूध तीन गोष्टी ठरवतं: प्रथिनं किती, चरबी कोणती, आणि स्वतःची चव किती मोठ्याने बोलते.

सोया. १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. प्रथिनं माचातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, त्यामुळे घोट मऊ लागतो. अडचण एकच, तो कच्च्या शेंगेचा वास. सोयाबीन दळताना त्यातलं एक वितंचक (एन्झाइम) चरबीवर काम करतं आणि हा वास तयार होतो. उत्पादक उष्णतेने ते वितंचक निष्क्रिय करतात, पण सगळ्यांना ते सारखं साधत नाही. गंमत अशी की माचाचा हिरवा वास त्याच घराण्यातला आहे, त्यामुळे साध्या सोयादुधात खटकणारी शेंग माचात बेमालूम मिसळून जाते. ज्यांना सोयादूध आवडत नाही त्यांनी माचा घालून एकदा बघावंच.

ओट. सगळ्यांत लोकप्रिय, आणि कारण उघड आहे: स्वतःच गोड (प्रश्न ९), आणि बीटा-ग्लुकन या तंतूमुळे दाट. प्रथिनं मात्र सुमारे १ ग्रॅमच. म्हणजे तुरटपणा धरला जात नाही, गोडीखाली फक्त झाकला जातो. पहिला घोट छान, अर्धा पेला झाल्यावर जीभ कोरडी, असं तुमचं होत असेल तर त्याचं कारण हेच. माचा कमी असलेल्या पाकिटांत तर ओटची धान्याची चवच राज्य करते, भिजलेल्या बिस्किटासारखी.

बदाम. पाकिटातल्या बदामाच्या दुधात बदाम पुष्कळदा २-३ टक्केच असतात, बाकी पाणी. त्यामुळे माचा उघडा पडतो. माचा चांगला असेल तर हे वरदान, सुमार असेल तर पंचाईत. कडवट बदामाच्या वासाचा अर्क घातलेली पाकिटं मी टाळते. तो वास माचाच्या डोक्यावर बसतो.

नारळ. चरबी भरपूर, म्हणून जिभेवर मखमली. पण ही चरबी साधारण २४ अंश सेल्सिअसखाली घट्ट व्हायला लागते. फार थंड प्यायलात तर टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं वाटतं. गोड पदार्थाच्या अंगाने जाणारा माचा हवा असेल तर नारळ घ्या. चहाची चव हवी असेल तर घेऊ नका.

तांदूळ. गोड आणि पाणचट. पुढे जाऊ.

वाटाणा. प्रथिनं सोयाच्या बरोबरीची आणि पोत चांगला, पण मागे एक मातकट, किंचित धातूसारखी चव राहू शकते. माचा ती झाकत नाही, उलट दोन्ही कडवटपणांची बेरीज होते.

माझी निवड विचाराल तर बिनसाखरेचं सोया. तुमची वेगळी असू शकते.

७. मला समुद्राचा, कधीकधी माशासारखा वास येतो. पेय खराब झालंय का?

शेवाळाचा, खाऱ्या वाऱ्याचा वास येत असेल तर घाबरू नका, तो माचाचा स्वतःचा आहे. सावलीत वाढवलेल्या चहात डायमिथिल सल्फाइड नावाचं द्रव्य जास्त असतं. समुद्री शेवाळाचा वासही त्याचाच. जपानमध्ये या 'आच्छादनाच्या वासा'ला स्वतंत्र नाव आहे, ओइका, आणि ते कौतुकाने घेतलं जातं.

खवट तेलाचा, जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या. खवटपणा बहुधा दुधाच्या चरबीचा असतो. आणि पाकीट फुगलेलं असेल तर चाखून बघायच्या फंदातही पडू नका.

८. प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं. एवढं कडू असतं का हे?

ते कडू नाही, तुरट आहे, आणि दोन्हींत फरक आहे. कडू ही चव आहे, ती जिभेच्या चवकळ्यांना कळते. तुरटपणा हा स्पर्श आहे. कॅटेचिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडात सगळं एकमेकांवर घासायला लागतं. कच्चं केळं खाल्ल्यावर होतं तेच.

फरक ओळखायची युक्ती: साखर घाला. साखरेने कडूपणा बराच दबतो, तुरटपणा तितका नाही. साखर घालूनही दात खरखरीत वाटत असतील तर दूध बदला, प्रथिनं जास्त असलेलं घ्या (प्रश्न ६).

९. 'साखर घातलेली नाही' लिहिलंय, तरी गोड कसं लागतं? फसवतात का?

ओटचं असेल तर बहुधा फसवत नाहीत. ओटचं दूध करताना वितंचकं घालून त्यातल्या पिष्टाचे तुकडे करतात, नाहीतर खळच तयार होईल. त्या तुकड्यांत माल्टोज ही शर्करा असते. ती नेहमीच्या साखरेच्या निम्म्याहूनही कमी गोड असते, पण असते. तांदळाच्या दुधाचंही तसंच. म्हणजे साखर बाहेरून घातली नाही हे खरं, आणि आत शर्करा आहे हेही खरं. पोषणतक्त्यात 'एकूण शर्करा' बघा. मधुमेह असेल तर हा आकडाच कामाचा, दर्शनी भागावरची घोषणा नाही.

१०. चित्रात पोपटी रंग, पेल्यात मात्र शेवाळी. जुना माल दिला का?

असेलच असं नाही. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णतेने किंवा आम्लाने ते निघून गेलं की हिरवा रंग मळका, ऑलिव्हसारखा होतो. पालक जास्त शिजला की काळपटतो, तेच. दीर्घकाळ टिकणारी पाकिटं काही सेकंदांसाठी १३५ अंशांच्या वर तापवलेली असतात. त्यातून निघालेला प्रामाणिक माचा थोडा मळकट दिसणारच.

मला उलट झगमगीत हिरव्या पेयाचा संशय येतो. टिकाऊ पाकिटातून पाचूसारखा रंग निघाला तर यादीत स्पिरुलिना किंवा १४१ क्रमांकाचा रंग (हरितद्रव्यात मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसवलेला) शोधा. दोन्ही खाण्यायोग्य आहेत, पण मग रंगावरून माचाचा दर्जा ठरवू नका.

घरी भुकटीपासून ताजं केलेलं पेय पिवळट-तपकिरी दिसत असेल, तर तिथे मात्र भुकटी जुनी किंवा हलकी आहे. डबा उघडल्यावर हवा, उजेड आणि दमट यांपासून जपा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

११. तळाशी हिरवा-पांढरा गाळ बसतो. गाळून घ्यावा का?

अजिबात नाही, तोच तर माचा. भुकटी पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगते, आणि स्थिर ठेवली की खाली बसते. पांढरा भाग बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा, जे कॅल्शियम वाढवायला घालतात. जेलन डिंकासारखे घटक हा साका वर धरून ठेवायलाच असतात, पण तेही महिनाभर उभ्या पाकिटापुढे हात टेकतात.

एका नारळ-माचाच्या पेयाला मी 'पाणचट, माचाचा पत्ता नाही' असा शेरा मारला होता. लिहून झाल्यावर पाकीट धुऊन टाकावं म्हणून कापलं, तर तळाशी बोटभर हिरवं चिखल. मी हलवलंच नव्हतं. शेरा खोडला, दुसरं पाकीट आणलं. ते बरं होतं.

१२. गरम चांगलं की थंड?

गरम असताना वास आणि गोडी फुलतात, पण कडूपणाही पुढे येतो. थंडात सगळंच थोडं दबतं आणि दोष लपतात, म्हणून सुमार पेय थंड प्यावं आणि चांगलं पेय कोमट करून बघावं. पाकिटातलं तापवायचं असेल तर मंद आचेवर, ढवळत, ५५-६० अंशांपर्यंत. उकळी फुटू देऊ नका. ६५ अंशांच्या वरची कुठलीही पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेला घातक ठरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे, तेव्हा चटका बसेल इतकं गरम तसंही नको.

१३. घरी करते तेव्हा गुठळ्या होतात, कधी दूधच फाटतं. काय चुकतं?

या दोन वेगळ्या चुका आहेत. गुठळ्या होतात कारण भुकटी थेट दुधात टाकली जाते. माचाचे कण इतके बारीक की ते एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि बाहेरून ओले, आतून कोरडे राहतात. भुकटी आधी बारीक गाळणीतून चाळा. कपात दोन चमचे पाणी घ्या, ७०-८० अंशांचं, उकळतं नको. त्यात भुकटी घालून गुळगुळीत लेप करा, आणि मगच दूध. बांबूची घुसळणी (चासेन) असेल तर उत्तम. ती गोल न फिरवता पुढे-मागे झपाझप चालवायची. नसेल तर झाकणाच्या बाटलीत हलवलं तरी काम होतं.

दूध फाटण्याचा दोष मात्र माचाला देऊ नका. तो कॉफीइतका आंबट नसतो. तुम्ही लिंबू, स्ट्रॉबेरी किंवा आंबट सिरप घालत आहात का? सोयाची प्रथिनं आम्लात गोळा होतात, टोफू करतानाही तोच गुण कामी येतो. दूध उकळतं असेल तर आणखी लवकर. फळ हवंच असेल तर ओट किंवा नारळ घ्या, आणि दूध थंड ठेवा.

१४. महाग आणि स्वस्त यांत मला फरकच कळत नाही. माझी जीभ बोथट आहे का?

आधी फरक आहे का ते तपासा. तीन सारखे कप घ्या. दोघांत एक पेय, तिसऱ्यात दुसरं, आणि कुठल्या कपात काय हे दुसऱ्या कुणालातरी ठरवू द्या. तुम्ही फक्त वेगळा कप ओळखायचा. कप रंगावरून कळत असतील तर डोळे मिटून. असं सहा वेळा करा, मधे पाण्याची गुळणी. नुसत्या अंदाजानेही तिनांतून एकदा बरोबर येणारच, म्हणून एक-दोन वेळा जमलं तर हुरळून जाऊ नका. सहापैकी पाच किंवा सहा वेळा ओळखलंत तर फरक खरा. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी आहे.

मी स्वतः दोन ओट-माचांच्या बाबतीत सहापैकी दोनदाच बरोबर आले होते. त्याआधी त्याच दोघांतल्या 'स्पष्ट' फरकावर अर्धं पान लिहून झालं होतं. तुलना करताना एकाच प्रकारचं दूध असू द्या, आणि बिनसाखरेचं आधी, गोड नंतर. गोड पेयानंतर कुठलंही बिनसाखरेचं कडूच लागतं.

१५. 'सेरेमोनियल ग्रेड' लिहिलेलंच घ्यावं का?

'सेरेमोनियल' म्हणजे चहासमारंभाच्या दर्जाचा. दुधात घालायचं असेल तर गरज नाही. या शब्दाला कायद्याने बांधलेली व्याख्या नाही. विक्रेता आपल्या मनाने लावू शकतो. कोवळ्या पानांचा नाजूक माचा पाण्यात प्यायला असतो. दुधाच्या गोडीत त्याचा आवाज बुडतो. दुधाला थोडा ठसठशीत, कडवट माचाच बरा पडतो.

१६. माचात दूध घालणं म्हणजे माचाचा अपमान, असं एकाने सुनावलं. खरंय का?

परंपरेत पाणीच, हे खरं. भुकटी ढवळून चहा पिण्याची रीत मुळात चीनची. एइसाई हा भिक्षू ११९१ मध्ये ती जपानला घेऊन आला असं मानतात. पुढे चीनमध्ये ती मागे पडली आणि जपानमध्ये टिकली. आज खुद्द जपानमध्ये माचाचं आइस्क्रीम आणि दुधातला माचा सर्रास खाल्ला-प्यायला जातो. सुनावणाऱ्याला हे सांगून बघा.

१७. कॅफीन किती असतं? रात्री चालेल का?

एक ग्रॅम माचात ढोबळमानाने २० ते ४५ मिलिग्रॅम. पाकिटात माचा किती ते प्रश्न २ प्रमाणे काढा आणि गुणा. सव्वा ग्रॅमच्या पाकिटात साधारण २५ ते ५५ मिलिग्रॅम येतील, एका कप कॉफीहून कमी. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर स्त्रियांनी २०० च्या आत राहावं. त्यात दिवसभरातला चहा, कॉफी, चॉकलेट सगळं धरायचं. झोप सावध असेल तर दुपारनंतर नको.

१८. ॲलर्जी, ग्लूटेन, औषधं, लहान मुलं... कुणी टाळावं?

सोया, बदाम, काजू यांची ॲलर्जी असेल तर यादी प्रत्येक वेळी वाचा. एकाच नावाच्या पेयात मूळ दूध बदललेलं मी पाहिलं आहे. ओटमध्ये गहू नसतो, पण शेतात किंवा गिरणीत गहू-बार्ली मिसळू शकते, म्हणून सिलिॲक (ग्लूटेन या गव्हा-बार्लीतल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलंच घ्यावं. त्यांच्यापैकी काहींना शुद्ध ओटचाही त्रास होतो.

चहातल्या द्रव्यांमुळे वनस्पतीजन्य अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. रक्त कमी असेल तर जेवण आणि हे पेय यांत तासाभराचं अंतर ठेवा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. माचात अख्खं पान पोटात जातं आणि त्यात व्हिटॅमिन के असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला दुधाऐवजी हे मुळीच देऊ नका. मोठ्या मुलांसाठीही कॅफीनमुळे हे रोजचं पेय नव्हे.

१९. तीनदा प्यायलो, नाहीच आवडलं. अजून किती वेळा प्रयत्न करू?

काय आवडलं नाही ते आधी सांगा. वास नको वाटत असेल तर थंड आणि नारळाचं एकदा घ्या. कोरडेपणा खटकत असेल तर सोया. फक्त गोडगोड लागत असेल तर पाकीट सोडून भुकटी आणा. हे तिन्ही करूनही मन लागलं नाही, तर सोडून द्या. माचा न आवडणारी पुष्कळ शहाणी माणसं मला माहीत आहेत.

२०. तेच पेय, तीच कंपनी. मागच्या महिन्यात छान लागलं, आज कडू. असं कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर पाकिटात असेलच असं नाही. आधी पाकिटातलं बघू: वसंतातल्या पहिल्या तोडणीचं पान गोडसर, नंतरच्या तोडण्यांचं जास्त कडवट, आणि कंपनीला वर्षभर तेच पान मिळत नाही. पारदर्शक बाटली दुकानाच्या दिव्याखाली महिनाभर उभी असेल तर रंग आणि वास दोन्ही उतरतात. उघडून चार दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं असेल तर तेही धरा.

मग तोंडाकडे या. नुकतेच दात घासले होते का? टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक गोडी दाबतो आणि कडूपणा वाढवतो. सर्दी असेल तर वास गेला, म्हणजे माचाची चांगली बाजू गेली आणि कडूपणा तेवढा उरला. आधी काहीतरी फार गोड खाल्लं असेल तरी तेच. मला हा प्रश्न पाठवणाऱ्या एका वाचकाने नंतर कळवलं की मागच्या महिन्यात त्यांनी ते दुपारी प्यायलं होतं आणि या वेळी सकाळी, ब्रश ठेवून थेट फ्रिज उघडून. उरलेलं अर्धं पाकीट त्यांनी संध्याकाळी संपवलं.